सिडनहॅमचा इग्वानोडॉन

लंडनच्या दक्षिणेस सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस उद्यानात, तळ्याच्या बेटांवर, जे अजस्र प्राणी १८५४ पासून उभे आहेत, त्यांतील चुका आजचा शाळकरी मुलगाही सहज दाखवील; तथापि डायनोसॉरला मूर्त रूप देण्याच्या मनुष्याच्या सर्व प्रयत्नांत मला सर्वाधिक आदर वाटतो तो याच शिल्पांविषयी.

रिचर्ड ओवेन या शरीररचनाशास्त्रज्ञाने 'डायनोसॉर' ही संज्ञा १८४२ मध्ये रूढ केली, आणि त्यानंतर अवघ्या बारा वर्षांत, संपूर्ण सांगाडा कोणाच्याही दृष्टीस पडलेला नसताना, काही दात, मणके आणि मोडकी हाडे एवढ्याच पुराव्यावर बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने ओवेनच्या सल्ल्याने हे प्राणी घडविले. त्यांपैकी इग्वानोडॉन हा डायनोसॉर त्याने गेंड्याप्रमाणे चार भक्कम पायांवर उभा केला, आणि गिडियन मँटेल या जीवाश्मसंशोधकाच्या पूर्वीच्या तर्कास अनुसरून एक शंकूच्या आकाराचे हाड शिंग म्हणून त्याच्या नाकावर बसविले. त्याचे पुढचे पाय बारीक असावेत, असे मँटेलने उत्तरायुष्यात सुचविले होते. परंतु तो १८५२ मध्ये निवर्तला, आणि ओवेनचा शब्दच प्रमाण ठरला. हॉकिन्सने बांधकामाचा तपशील मात्र चोख नमूद केला आहे: एका इग्वानोडॉनास चार लोखंडी खांब, ६०० विटा, ६५० अर्धगोल कौले आणि सिमेंटची ३८ पिंपे लागली. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री याच प्राण्याच्या साच्यात मेज मांडून विद्वानांना मेजवानी देण्यात आली व अग्रस्थानी ओवेन बसला.

पुढे १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे जवळजवळ संपूर्ण असे अनेक सांगाडे मिळाले, आणि ते शिंग नसून अंगठ्याचे अणकुचीदार हाड आहे, हे लुई डोलो या जीवाश्मशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून निर्विवाद सिद्ध झाले. पण त्याने ते सांगाडे कांगारूप्रमाणे, शेपटीचा आधार देऊन, उभे करविले. शेपटी जमिनीशी समांतर ताठ राहत असे, हे ध्यानात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात ते आजही त्याच ठेवणीत आहेत. सिडनहॅमच्या शिल्पांनाही २००७ मध्ये सर्वोच्च श्रेणीचे सरकारी संरक्षण मिळाले, आणि ते मला सर्वथा योग्य वाटते, कारण एका पिढीची समजूत इतक्या प्रामाणिकपणे जतन करणारे दस्तऐवज विरळाच.

खेळण्यांचे तसे नाही. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने १९१५ मध्ये टायरॅनोसॉरस शेपटी जमिनीस टेकवून ताठ उभा केला, ती छबी मुलांच्या हाती पोहोचली, आणि १९९० च्या दशकात सांगाडा उकलून त्याची पाठ व शेपटी आडवी केल्यावरही दुकानांत जुनाच प्राणी विकला जात राहिला. संग्रहालयातील मूर्तीखाली तिची हकीकत लिहिता येते. खेळण्यावर मात्र ते कोणत्या सालच्या समजुतीनुसार घडविले, हे कोणी छापत नाही, आणि उत्पादकांनी ते छापावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.