कापडाची ताकद आणि टाक्याची निवड : जालना जिल्ह्यातील घरगुती शिवणकाम

जालना जिल्ह्यातील घरगुती शिवणकामाचा आरंभ बहुधा जुन्या कापडापासून होतो. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या आणि आज आठ तालुके असलेल्या या जिल्ह्यात कपाशी हे खरिपाचे एक प्रमुख पीक आहे. मात्र शेतातला कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळा होऊन गाठींच्या रूपाने बाहेर जातो आणि गावात परत येतो तो दुकानातले विकतचे कापड होऊनच. असे कापड विरेपर्यंत वापरावे आणि विरल्यावर त्याला दुसरे काम नेमून द्यावे, हा शेतकरी घरांतला जुना शिरस्ता आहे. लुगडे किंवा धोतर नेसण्याजोगे राहिले नाही की त्याची गोधडी होते, गोधडीत न बसणाऱ्या तुकड्यांचे बाळाचे दुपटे किंवा उशीचा अभ्रा होतो आणि शेवटी उरलेल्या चिंध्या पायपुसण्यात किंवा उशीत जातात. या क्रमामागे एक निश्चित कौशल्य आहे: कापडात किती ताकद उरली आहे हे ओळखणे आणि त्या ताकदीला झेपेल असाच टाका निवडणे.

कापडाची पारख डोळ्यांइतकीच बोटांनी होते. विणलेल्या कापडात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या धाग्यांना ताणा आणि त्यांना आडवे छेदणाऱ्या धाग्यांना बाणा म्हणतात. कापड उजेडापुढे धरून या दोन्ही दिशांनी हलकेच ओढले असता कोणते धागे झिजले आहेत, हे लगेच कळते. लुगड्यात बैठकीचा आणि पायांत घासणारा भाग आधी विरतो, तर काठ आणि पदर बराच काळ मजबूत राहतात. म्हणून अनुभवी बाई लुगडे सरसकट कापत नाही. काठ फाडून गोधडीच्या कडेसाठी बाजूला ठेवते, विरलेला भाग आतल्या थरांसाठी काढते आणि दोन्ही तोंडांना, म्हणजे वरच्या व खालच्या बाजूला, त्यातल्या त्यात दणकट कापड राखते. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटत असल्याने कात्रीचा उपयोग फक्त सुरुवातीची खाच पाडण्यापुरता होतो आणि कड आपोआप काटकोनात राहते.

गोधडीचे माप लुगड्याच्या मापातूनच निघते. साडेपाच मीटर लांब आणि सुमारे १.१ मीटर पन्ह्याच्या सुती पातळाचे मधोमध दोन तुकडे करून ते लांबीच्या कडेने जोडले की २.७५ मीटर बाय २.२ मीटरचे पान तयार होते. ते एकदा दुमडले असता २.२ मीटर लांब आणि जवळजवळ १.४ मीटर रुंद असे दोन थर मिळतात, म्हणजेच एका माणसाच्या अंथरुणा-पांघरुणाचे माप. अशी दोन-तीन पातळे एकावर एक आली की चार ते सहा थर होतात. हे काम बहुधा कपाशीची वेचणी संपल्यावर, उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत होते. ओसरीवर किंवा अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर खालचे पान अंथरून त्याच्या कोपऱ्यांवर वजन ठेवतात, प्रत्येक थर मध्यापासून कडेकडे तळहाताने पुसत नेऊन सुरकुत्या काढतात आणि मग लांब, सैल टाक्यांनी सर्व थर तात्पुरते एकत्र बांधतात. या तात्पुरत्या शिवणीस कच्चा दोरा म्हणतात. पक्की शिवण पूर्ण झाल्यावर तो ओढून काढला जातो. कच्चा दोरा टाळला तर पुढे एक थर सरकतो, दुसरा गोळा होतो आणि गोधडीच्या पोटात कायमची घडी राहते.

पक्क्या शिवणीसाठी धावदोरा हा शिवणकामातील सर्वांत साधा टाका वापरतात. त्यात सुई ठरावीक अंतराने कापडाच्या वर आणि खाली जात एकाच रेषेत पुढे सरकते. उजव्या हाताने सुई पुढे लोटली जात असताना डावा हात गोधडीखाली असतो आणि सुईचे टोक सर्व थरांतून पार झाले की नाही, याची खात्री त्या हाताच्या बोटाला होणाऱ्या टोचणीवरून होते. निबर थर आल्यास मधल्या बोटावर अंगुस्तान, म्हणजे धातूची टोपी, चढवतात. दोऱ्याला गाठ मारून ती वर ठेवली तर ती अंगाला बोचते आणि घासून सुटते. म्हणून गाठ थरांच्या आत लपवतात आणि ओळ संपताना एक-दोन उलट्या टिपा घालतात, म्हणजे सुई एक टाका मागे नेऊन पुन्हा पुढे काढतात, जेणेकरून दोरा अडकून बसतो. काही ठिकाणी ओळी समांतर असतात, तर काही ठिकाणी बाहेरच्या कडेपासून चौकोनात फिरत मध्याकडे येतात. ओळींत दोन सेंटिमीटर अंतर धरले तर १.४ मीटर रुंदीत सत्तर ओळी बसतात आणि नुसत्या सरळ मोजणीनेही दीडशे मीटरहून अधिक दोरा लागतो. एका टाक्याला व त्यामागच्या रिकाम्या जागेला मिळून दोन सेंटिमीटर लागत असल्यास टाक्यांची संख्या सात हजारांच्या पुढे जाते.

एवढे टाके शोभेसाठी घातलेले नसतात. विरलेल्या कापडात ताण सहन करण्याची शक्ती उरलेली नसते. जवळजवळच्या ओळींमुळे तो ताण अनेक थरांत आणि असंख्य टाक्यांत वाटला जातो, शिवाय थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी यांच्या रचना निराळ्या असल्या, तरी जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने बळकट करण्याचे तत्त्व तेच आहे.

शिलाई यंत्राची टीप निराळ्या रीतीने काम करते. सुईतला वरचा दोरा आणि बॉबीनमधला खालचा दोरा कापडाच्या जाडीच्या मधोमध एकमेकांत गुंततात. दोन्ही दोऱ्यांचा ताण सारखा असेल तरच ही गुंतवण मध्यावर राहते, अन्यथा एका बाजूला दोरा सैल होऊन फासे दिसू लागतात. ही टीप घट्ट आणि जलद असते. पण तिच्यामुळे कापडात जवळजवळच्या छिद्रांची सरळ रेषा पडते आणि विरलेले कापड नेमके त्याच रेषेवर फाटू शकते. त्यामुळे आज यंत्रावरही गोधड्या शिवल्या जात असल्या, तरी यंत्राचे गुण खरे उपयोगी पडतात ते नव्या, जाड कापडावर.

बाजाराची पिशवी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढल्यानंतर कापडी पिशवीला नव्याने महत्त्व आले. ४० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब मांजरपाटाची पट्टी मधोमध दुमडली की तळाला शिवण लागत नाही आणि भार अखंड कापडावर येतो. बाजूंना फ्रेंच शिवण घालतात: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून कडेला अगदी लागून टीप मारायची, दशा कातरायच्या, पिशवी उलटी करायची आणि दुसरी टीप अशी मारायची की कापलेली कड दोन टिपांच्या मध्ये बंदिस्त होईल. अशा पिशवीत धान्य भरले तरी दशा निघत नाहीत. बंदांसाठी आठ सेंटिमीटर रुंद पट्टीची चार पदरी घडी घालतात आणि बंद तोंडाच्या दुमडीवर चौकोन व त्याच्या आत फुली अशा टिपांनी पक्का करतात, कारण सारा भार त्या दोन-तीन सेंटिमीटर जागेवर एकवटतो.

कड बांधण्याच्या कामातही कापडाचे भान लागते. गोधडीची कड सरळ असल्याने तिला काठाची सरळ पट्टी चालते. परंतु बाळाच्या कुंचीला किंवा झबल्याच्या गळ्याला वळण असते, तेथे ताणा-बाण्याच्या तिरक्या दिशेने कापलेली उरेब पट्टी घ्यावी लागते. तिरके कापड दोन्ही दिशांनी ताणले जाते आणि त्यामुळे वळणावर चुण्या न पडता बसते.

अलीकडे या कौशल्यापुढचा खरा प्रश्न कापडानेच उभा केला आहे. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यातही रोजच्या वापरात कृत्रिम धाग्याच्या साड्या मोठ्या प्रमाणावर आल्या. त्या लवकर विरत नाहीत, परंतु घाम शोषत नाहीत, थरांत सरकतात आणि कापताना दशा सोडतात. गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांनी त्यावर उपाय काढले: अंगाला लागणारी बाजू सुती ठेवायची, कृत्रिम साडी उलट्या तोंडाला किंवा आत घालायची आणि ओळी अधिक जवळ घ्यायच्या. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे साहाय्य मिळते. त्यातून यंत्र घरी येऊ शकते. यंत्र चालवणे थोड्या सरावाने जमते, पण समोरचे कापड कोणती टीप सोसेल हे ठरवण्यासाठी अनेक प्रकारचे नवे-जुने कापड हाताखालून जावे लागते. म्हणून शिवण शिकवताना नव्या कोऱ्या कापडाच्या जोडीला एखादे विरलेले पातळही शिकणाऱ्यांच्या हाती दिले, तर घरात आधीपासून असलेले हे ज्ञान प्रशिक्षणाच्या उपयोगी पडेल.