खर्जाची जोडी: घरांतील दोन सबवूफरांची मांडणी

वाशीम जिल्ह्यांतील जऊळका हें अकोला-पूर्णा लोहमार्गावरील एक स्थानक आहे. रात्रीं मालगाडी गेली म्हणजे मार्गालगतच्या घरांत, खिडक्या बंद असतांना, शिट्टी क्षीण ऐकूं येते. पण गाडीची धडधड भिंतींतून व जमिनींतून सरळ आंत शिरते, आणि ती कोणत्या बाजूनें आली हें अंथरुणावर पडलेल्या माणसास नीट सांगतां येत नाहीं. खर्जाच्या ध्वनीचे दोन स्वभाव या एका अनुभवांत दिसतात. त्यास भिंत सहसा अडवीत नाहीं, आणि त्याची दिशा कानास कळत नाहीं. घरांतल्या घरांत चित्रपटगृहाचा थाट मांडणाऱ्या कुटुंबानें या स्वभावांची ओळख आधीं करून घ्यावी. कारण सबवूफर या यंत्राचें सारें काम खर्जाशींच आहे.

सबवूफर म्हणजे केवळ खोल स्वर काढणारा ध्वनिक्षेपक. सामान्यतः दर सेकंदास ८० कंपनांच्या खालचा भाग त्याच्याकडे सोंपवितात. हा प्रदेश किती खोल आहे याची कल्पना तंबोऱ्यावरून येईल. काळी एक या पट्टींत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३९ कंपनांचा असतो, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें ६९ कंपनांवर बोलते. चित्रपटांतील मेघगर्जना व स्फोट त्याहूनहि खालीं, ३० किंवा २० कंपनांपर्यंत उतरतात. ३० कंपनांच्या ध्वनीची एक लाट सुमारें साडेअकरा मीटर लांब असते. अशी लाट बारा-पंधरा फुटांच्या खोलींत मावत नाहीं, आणि अडचणीचें मूळ येथेंच आहे.

भिंतीवर आपटून परतलेली लाट मागून येणाऱ्या लाटेस मिळते. खोलीची लांबी ज्या लाटेच्या बरोबर निम्मी असेल, ती लाट खोलींत घुमूं लागते. समजा, दिवाणखाना १५ फूट लांब व १२ फूट रुंद आहे. उन्हाळ्याच्या हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३५० मीटर धरला, तर लांबीचा पहिला घुमारा ३८ कंपनांवर आणि रुंदीचा ४८ कंपनांवर येतो. लांबीच्या या घुमाऱ्यांत दोन्ही टोकांच्या भिंतींपाशीं आवाज फार मोठा होतो, व खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहींसा होतो. मग मागच्या भिंतीला टेकून बसलेले आजोबा आवाज कमी करण्यास सांगतात, आणि मधल्या सतरंजीवरचीं मुलें तो वाढविण्याचा हट्ट धरितात. दोघांचेंहि म्हणणें खरें असतें. दोष यंत्राचा नसून जागेचा आहे. म्हणून अधिक किमतीचें यंत्र आणल्यानें तो जात नाहीं. आपल्याकडील विटांच्या पक्क्या भिंती व सिमेंटची स्लॅब खर्ज फारसा शोषून घेत नाहींत. लांकडी सांगाड्याच्या पाश्चात्त्य घरांतील पातळ भिंती त्यास कांहींसें बाहेर जाऊं देतात. तेव्हां तिकडच्या मानानें आपल्या खोल्यांत घुमारा अधिक तीव्र होतो, हें विसरूं नये.

येथें दुसऱ्या सबवूफरचें प्रयोजन येतें. तो आवाज वाढविण्यासाठीं असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. वाढ होते खरी, पण मुख्य लाभ समतेचा. वऱ्हाडांतील घरांत झोपाळ्यास बंगई म्हणतात. तिला एकाच बाजूनें वेळ साधून लोटीत राहिलें, तर झोका वाढत जातो. पण दोघांनीं समोरासमोरून एकाच क्षणीं, सारख्या जोरानें लोटलें, तर बंगई जागची हालत नाहीं. लांबीच्या पहिल्या घुमाऱ्यांत एका टोकास हवा दाबली जात असतां दुसऱ्या टोकास ती विरळ होत असते. समोरच्या व मागच्या भिंतीच्या मध्याशीं एकेक सबवूफर ठेवून दोघांस एकच ध्वनि दिला, म्हणजे दोन्ही टोकांस एकदमच दाब पडतो, आणि तो घुमारा उठतच नाहीं. शिवाय दोन्ही यंत्रें रुंदीच्या मध्यावर असल्यामुळें रुंदीचा पहिला घुमाराहि जागा होत नाहीं.

टॉड वेल्टी या संशोधकानें हरमन कंपनींत असतांना केलेला या विषयाचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत चारी भिंतींच्या मध्यांवर चार सबवूफर ही मांडणी उत्तम ठरली, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यांवर दोन ही तिच्या जवळपास आली. उलट, दोन्ही यंत्रें एकाच कोपऱ्यांत रचलीं, तर आवाज भरपूर मिळतो, पण विषमता तशीच राहते. अर्थात् हा नियम चौरस-लंबचौरस, बंद खोलीचा. दिवाणखाना स्वयंपाकघरास उघडा असेल, तर दुसरी युक्ति करावी. सबवूफर बैठकीच्या जागीं ठेवावा, खर्जाचा ध्वनि लावावा, आणि खोलीच्या कडेकडेनें कान जमिनीजवळ नेऊन फिरावें. जेथें खर्ज सारखा व स्वच्छ ऐकूं येईल तेथें यंत्र न्यावें. ध्वनीचा उगम व श्रोता यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, या लॉर्ड रेले यांच्या सिद्धांताचा हा घरगुती उपयोग होय.

जागा ठरल्यावर जुळणी. दोन्ही यंत्रें शक्य तों एकाच जातीचीं घ्यावीं. त्यांच्यावरील फिल्टरची कळ सर्वांत वरच्या अंकास ठेवून विभागणीचें काम रिसीव्हरवर सोंपवावें. ८० कंपनें ही आरंभास योग्य सीमा होय. नंतर एकेक यंत्र स्वतंत्र वाजवून, प्रत्येकापासून सारख्याच अंतरावर मापक धरून, दोघांचा आवाज समान करावा. एक जोरानें व दुसरें हळू लोटीत असेल, तर बंगई स्थिर राहणार नाहीं. पुढें दोघांस एक जोडी मानावें. दोन्ही मिळून आवाज ६ डेसिबेलपर्यंत वाढतो. म्हणून रिसीव्हरच्या चांचणी-ध्वनीवर मापकाचा ‘सी’ विभाग लावून जोडीची पातळी इतर ध्वनिक्षेपकांइतकी, बहुधा ७५ डेसिबेल, आणावी.

यानंतर समोरच्या ध्वनिक्षेपकांशीं मेळ घालावा. ८० कंपनांचा स्वर लावून फेज नांवाची कळ किंवा रिसीव्हरमधील अंतराचा आंकडा थोडाथोडा बदलावा. बैठकीवर तो स्वर जेथें सर्वांत भरीव होईल, तेथें थांबावें. हा आंकडा फितीनें मोजलेल्या अंतराहून पुष्कळदां मोठा येतो; कारण सबवूफरच्या आंतील विद्युत्-मंडलानेंहि ध्वनीस थोडा विलंब होतो.

इक्वलायझरचा हात शेवटीं लावावा. रूम ईक्यू विझार्ड हा मोफत मिळणारा प्रोग्राम आणि मापनाचा मायक्रोफोन यांच्या साहाय्यानें एकाच खुर्चीवर नव्हे, तर तीन-चार जागीं माप घ्यावें. सर्वत्र दिसणारे उंचवटे कापावे. खड्डे भरण्याचा मोह टाळावा. खड्डा लाटा परस्परांस खोडल्यामुळें पडतो. तेथें १० डेसिबेल वाढविण्यास यंत्राची दसपट शक्ति खर्च होते, आणि खड्डा तसाच राहतो. उंचवटेहि फार अरुंद पट्टींत कापूं नयेत. वऱ्हाडांत हिवाळ्याच्या पहाटे पारा १२ अंशांवर आणि उन्हाळ्यांत ४० अंशांवर जातो. तेवढ्यानें ध्वनीचा वेग बदलून ३८ कंपनांचा घुमारा जवळजवळ दोन कंपनांनीं सरकतो.

राहिला शेजार. जो खर्ज मालगाडीपासून घरांत शिरतो, तोच घरांतून शेजाऱ्याच्या घरांत जातो. जुळणी नीट झाली असतां सर्वांस सारखें ऐकूं येतें, आणि एकाच्या कानास पुरावें म्हणून साऱ्यांसाठीं आवाज वाढविण्याचें कारण उरत नाहीं. मग आजोबा उठून जात नाहींत, मुलें कळीला हात लावीत नाहींत, आणि भिंतीपलीकडचा माणूस स्वस्थ झोंपतो. दुसऱ्या यंत्राचे पैसे या तिघांच्या समाधानांत वसूल होतात.