पेटंट मिळालं म्हणजे दावा खरा ठरला?

दादरा-नगर हवेलीतल्या मसाटच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराला नोटीस आली, की तुमच्या यंत्रातली जोडणी आमच्या पेटंटमध्ये येते, तर त्याला पहिल्यांदा वाटेल : सरकारनं तपासून दिलंय, म्हणजे खरंच असणार. हा समज चुकीचा आहे. परीक्षकानं तपासून मंजूर केलं तरी पेटंट वैध असल्याची हमी मिळत नाही, असं पेटंट कायद्याचं कलम 13 सांगतं.

दोन सिमच्या फोनचंच बघा. बेनेफॉन या फिनलंडच्या कंपनीनं 2000 साली असा फोन बाजारात आणला होता. मदुराईच्या एका अर्जदारानं 2002 मध्ये भारतात अर्ज केला आणि 2008 मध्ये त्याला पेटंट मिळालं. त्याच्या जोरावर कस्टम्सकडे तक्रारी गेल्या, आयात माल अडला, स्पाइस आणि सॅमसंगसारख्या कंपन्या कोर्टकचेरीत गुंतल्या. बौद्धिक संपदा अपील मंडळानं ते पेटंट रद्द केलं 2012 मध्ये. चार वर्षं! मोठ्या कंपन्या टिकल्या. छोटा व्यापारी इतका काळ माल अडकवून ठेवू शकत नाही. पेटंटसाठी माल अडवण्याची कस्टम्सची तरतूद 2018 मध्ये काढली गेली, हे योग्यच झालं. दाव्यांचा अर्थ लावणं हे बंदरावरच्या अधिकाऱ्याचं काम नव्हे.

‘हे तर सगळ्यांना माहीत आहे, पेटंट आपोआप पडेल,’ हाही गैरसमजच. तारखेचा पुरावा लागतो. छापील मजकूर जगात कुठलाही चालतो, वापर मात्र भारतातला दाखवावा लागतो. म्हणून जुनी माहितीपत्रकं, बिलं, मॅन्युअल जपून ठेवावीत. हळदीचं अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झालं तेही डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरनं जुने छापील दाखले पुढे ठेवले म्हणून.

आणि पेटंटच्या शीर्षकावरून घाबरू नये. हक्क ठरतो तो शेवटी दिलेल्या दाव्यांच्या शब्दांवरून. तेवढं वकिलाकडून वाचून घ्यावं.

मंजुरीआधी विरोध कुणीही नोंदवू शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर हितसंबंधिताला एक वर्ष मिळतं. तेही उलटलं, तर रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो. दादरा-नगर हवेली मुंबई उच्च न्यायालयाच्याच कक्षेत येतं.