शेतातील बहुरूपी

सुगी आटोपली की गावात बहुरूपी येतो. कधी तो फौजदाराच्या पोशाखात येऊन दरडावतो, कधी साधूचे सोंग घेतो. त्याचे सोंग लहानथोरांस ठाऊक असते; म्हणून लोक हसत हसत पसाभर धान्य देऊन त्याची पाठवणी करतात. परंतु आपल्या मोसंबीच्या बागेत, हरभऱ्याच्या रानात व बांधावरील झुडुपांत असे कित्येक बहुरूपी बारमास वावरत असतात की ज्यांचे सोंग आपणांस उमगत नाही. त्यांपैकी काही चोर आहेत, काही निरुपद्रवी आहेत, आणि काही तर प्रत्यक्ष आपले चाकरीदार आहेत. चोरास सोडून चाकरीदारास शिक्षा, असा प्रकार आपल्या हातून घडू नये, एवढ्याच हेतूने हा विषय वाचकांसमोर मांडीत आहे.

जांब समर्थ, घनसावंगी, अंबड या टापूत मोसंबीची लागवड मोठी आहे, तेव्हा आरंभ त्याच झाडापासून करू. मोसंबीस नवी पालवी फुटली की एक पिवळे-काळे ठिपकेदार फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक करून फिकट पिवळी अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी काळसर तपकिरी असून तिच्या अंगावर पांढरे पट्टे असतात; पानावर ती निश्चल बसली म्हणजे पाखराची विष्ठाच पडली आहे असे वाटते. विष्ठेस चोच कोण लावणार? पुढे अळी मोठी झाली की विष्ठेचे सोंग चालत नाही, कारण एवढी मोठी विष्ठा लहान पाखराची नसते. तेव्हा शेवटची कात टाकून ती पानासारखी हिरवी होते. तरीही कोणी डिवचलीच, तर डोक्यामागून लाल रंगाचा दुबेळक्यासारखा अवयव बाहेर काढते व उग्र दर्प सोडते. कोशही भोवतालच्या रंगाप्रमाणे कधी हिरवा, कधी तपकिरी होतो. एका जन्मात इतकी सोंगे! रोपवाटिकेतील व लहान कलमांची पालवी ही अळी पाहता पाहता फस्त करते. मात्र तिचे सोंग एकदा ओळखले की लहान बागेत हाताने वेचूनच तिचा बंदोबस्त होतो. औषधाचा खर्च करावा लागत नाही.

हरभरा व तुरीवरील घाटेअळीची तऱ्हा याच जातीची आहे. एकाच जातीच्या अळ्या कोणी हिरव्या, कोणी तपकिरी, कोणी गुलाबीसर अशा आढळतात, आणि प्रत्येक आपापल्या जागी बेमालूम मिसळून जाते. उभ्याने पीक पाहणाऱ्यास ती दिसत नाही. वाकून, पाने बाजूस सारून पाहणाऱ्यास दिसते. म्हणूनच हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून पतंगांची गणती ठेवावी व शेतात पक्ष्यांना बसण्यासाठी मचाणे उभारावीत, असा सल्ला कृषिखाते देते. अळी आपल्या नजरेस चुकवील, परंतु साळुंकी व कोतवाल यांचा तो रोजचाच धंदा आहे.

भोवतालच्या वस्तूंत मिसळून जाण्याच्या या युक्तीस विद्वान लोक मायावरण म्हणतात. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते. पण ती खड्यांत अशी मिसळतात की पाय पडेपर्यंत कळत नाहीत. रातवा पाचोळ्यात बसला की पाचोळाच होतो.

दुसरी युक्ती याच्या नेमकी उलट आहे. काही प्राणी लपत नाहीत. उलट भडक रंग मिरवितात. रुईच्या झाडावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी निर्धास्तपणे पाने खाताना सर्वांनीच पाहिली असेल. रुईचा चीक विषारी. तो पचवून ही अळी, व तिच्यापासून होणारे केशरी फुलपाखरू, स्वतः बेचव व बाधक बनते. ज्या पाखराने एकदा त्याची चव घेतली ते पुन्हा तशा रंगाच्या वाटेस जात नाही. भडक रंग ही जणू दारावर लावलेली धोक्याची पाटीच होय.

आता जेथे खरी पाटी चालते तेथे खोटी पाटीही निघावयाचीच. घोळीच्या भाजीवर वाढणारे एक फुलपाखरू आहे. त्याचा नर काळा व पांढऱ्या ठिपक्यांचा. मादी मात्र रुईवरच्या केशरी फुलपाखरासारखी हुबेहूब. तिच्या अंगी विष नाही, पण विषाचा गणवेश आहे. या प्रकारास अनुकृती म्हणतात. हेन्री बेट्स नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ११ वर्षे ॲमेझॉनच्या अरण्यात काढून इ. स. १८६२ मध्ये या गोष्टीचा उलगडा प्रसिद्ध केला. आपल्या लिंबूवर्गीय झाडांवरील आणखी एका काळ्या फुलपाखराच्या काही माद्या नरासारख्या असतात, तर काही माद्या किडामारीच्या वेलीवर वाढणाऱ्या तांबड्या अंगाच्या विषारी फुलपाखरासारख्या दिसतात. वॉलेस याने इ. स. १८६५ मध्ये त्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. एकाच आईच्या पोटी दोन रूपांच्या लेकी कशा, हे कोडे पुढे दीर्घकाळ राहिले. इ. स. २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, नर-मादीचा भेद घडविणारे एक जनुकच ही सर्व किमया करते. अशा मोठ्या शोधात एका मराठी संशोधकाचे नाव अग्रभागी असावे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

येथे कोणी विचारील की, एवढी अक्कल किड्यास आली कोठून? उत्तर असे की, ती किड्याची अक्कल नव्हेच. शेतकरी बियाण्यासाठी चांगली कणसे निवडून ठेवतो व बाकीची दळून खातो. काही पिढ्यांनी वाण सुधारतो. निसर्गात ही निवड पाखराची चोच करते. जी अळी थोडी कमी दिसली ती वाचली, जी उठून दिसली ती खाल्ली गेली. वाचलेलीची संतती तिच्यासारखी निघाली. असे लाखो वर्षे चालले. डार्विनने इ. स. १८५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा हाच सारांश होय. नकलेस एक मर्यादाही आहे. बाजारात खोटी नाणी थोडी असतील तोवरच खपतात. फार झाली की दुकानदार प्रत्येक नाणे वाजवून घेऊ लागतो. तद्वत नकलाकार फार वाढले तर पाखरांस सोंग कळते.

सापांच्या बाबतीत ही गोष्ट जिवाशी येते. घोणस पाचोळ्यात पडून राहिली तर तिच्या अंगावरील ठिपक्यांमुळे दिसत नाही. म्हणून गवत कापताना आधी काठीने आवाज करावा व पायात जोडा असावा. उलट डुरक्या घोणस विषारी नसून घोणशीसारखा दिसतो, आणि बिनविषारी कवड्या हा मण्यारीसारखा दिसतो. मण्यार चकचकीत काळी. तिचे बारीक पांढरे पट्टे डोक्यापासून काही अंतरावर सुरू होऊन शेपटीकडे ठळक होतात. कवड्याचे पट्टे मानेजवळ रुंद व शेपटीकडे पुसट होत जातात. हा भेद माहितीपुरता ठेवावा; त्याच्या भरवशावर जवळ जाऊ नये. दंश झाल्यास साप मारून ओळख पटविण्यात तर क्षणही दवडू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. तेव्हा रुग्णास विनाविलंब सरकारी दवाखान्यात न्यावे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून "कवड्याच असेल" अशी समजूत करून घरी बसणे प्राणघातक आहे. एका मोठ्या पाहणीनुसार इ. स. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाकाठी सरासरी ५८,००० माणसे दगावली. त्यांत बहुतांश ग्रामीण लोक होते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचा बहुरूपी. मोसंबी, सीताफळ, डाळिंब यांवर पांढरा पिठ्या ढेकूण पडतो हे सर्वांस विदित आहे. त्याचा वैरी क्रिप्टोलिमस नावाचा एक लहानसा काळा भुंगा असून त्याचे डोके नारिंगी-तपकिरी असते. हा इ. स. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आपल्या देशात आणला गेला. गंमत अशी की, त्याच्या अळीच्या अंगावरही पिठ्या ढेकणासारखेच पांढरे मेणाचे तंतू असतात. गोड स्रावाच्या लोभाने मुंग्या पिठ्या ढेकणाची राखण करीत असतात. त्या पहारेकऱ्यांपासून या आवरणाने अळीचे रक्षण होते. मुंग्या फसतात, त्याबरोबर बागाईतदारही फसतो! "केवढाले ढेकूण झाले" म्हणून तो मित्रावरच औषध मारतो. ओळख सोपी आहे. पिठ्या ढेकूण सुस्त असतो. ही अळी त्याच्याहून दोन-तीन पट मोठी, लांब तंतूंची व चपळ असते. काडी लावताच लगबगीने चालू लागली तर तिला हात लावू नये.

तीच गोष्ट सिरफिड माशीची. ती मधमाशीसारखी पट्टेदार दिसते, पण तिला नांगी नाही व पंख चारऐवजी दोनच असतात. तिची अळी मावा खाऊन जगते. मावा दिसताच सरसकट फवारणी केली की ही फुकटची फौजही मरते; मग मावा पुन्हा उफाळला की आपण औषधास दोष देतो.

महसुली कामात एक जुना दंडक आहे. बांधावर जाऊन प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पाहणीपत्रकात नोंद करू नये. इ. स. २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे ती नोंद करण्याचा अधिकार शेतकऱ्याच्याच हाती आला आहे. हाच दंडक फवारणीसही लावावा. आठवड्यातून एकदा सकाळच्या प्रहरी, एक लहान भिंग खिशात टाकून, बागेतील दहा-वीस झाडे वाकून पाहावीत. चोर किती व चाकर किती याची टिपणवहीत नोंद ठेवावी, आणि शंका वाटल्यास तो किडा बाटलीत घालून बदनापूर येथील संशोधन केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात दाखवावा. औषधाची बाटली दुकानात केव्हाही मिळते. मेलेला चाकरीदार मात्र त्या हंगामात परत मिळत नाही.