मुंबई–लंडन हवाई अंतर व प्रवासकाल

मुंबई–लंडन हवाई मार्ग हा भारत व युनायटेड किंग्डम यांना जोडणारा एक प्रमुख मार्ग आहे. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते हीथ्रो विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाला हा प्रवास करण्यास साधारणपणे ९ ते १० तास लागतात. लंडनकडे जाताना लागणारा वेळ परतीच्या वेळेपेक्षा बहुधा अधिक असतो.

अंतर

पृथ्वी गोलाकार असल्यामुळे दोन ठिकाणांमधील किमान अंतर बृहद्वृत्ताच्या कंसावर मोजतात. पृथ्वीगोलावर मुंबई व लंडन यांच्यामध्ये दोरा ताणून धरल्यास हा कंस दिसतो. सपाट नकाशावर मात्र तो उत्तरेकडे झुकलेला भासतो. प्रत्यक्ष उड्डाणमार्ग याहून काहीसा लांब असतो, कारण विमानांना ठरवून दिलेल्या मार्गांनी जावे लागते व बंद हवाई क्षेत्रे टाळावी लागतात. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै या काळात पाकिस्तानचे बहुतांश हवाई क्षेत्र बंद असल्याने भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला होता.

वाऱ्याचा परिणाम

मध्य अक्षवृत्तांच्या प्रदेशात अतिउंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर अधिक असतो. उदाहरणार्थ, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किमी व वाऱ्याचा सरासरी वेग ताशी ५० किमी मानल्यास, लंडनकडे जाताना जमिनीसापेक्ष वेग ८५० किमी, तर परतताना ९५० किमी होतो. ७,२०० किमी अंतरासाठी अनुक्रमे सुमारे ८ तास २८ मिनिटे व ७ तास ३५ मिनिटे लागतील. आरोहण, अवतरण, वळसे व धावपट्टीपर्यंतची वाटचाल यांचा वेळ त्यात मिळवल्यावर वेळापत्रकातील कालावधी तयार होतो.

घड्याळातील फरक

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी केल्यास प्रवासकाल चुकतो. भारतीय प्रमाणवेळ ग्रीनिच वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमधील घड्याळे एक तास पुढे असतात. त्या काळात हा फरक ४ तास ३० मिनिटे होतो.

समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून दुपारी १ वाजता निघाले व लंडनला सायंकाळी ५.३० वाजता पोहोचले. घड्याळात ४ तास ३० मिनिटेच दिसतात. त्यांत ५ तास ३० मिनिटे मिळवल्यास खरा कालावधी १० तास येतो. परतीचे विमान रात्री ९ वाजता निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता मुंबईस आले, तर १४ तास ३० मिनिटांतून हा फरक वजा करावा लागतो. कालावधी ९ तास येतो.

इतिहास

एअर इंडिया इंटरनॅशनलची पहिली सेवा ८ जून १९४८ रोजी याच मार्गावर सुरू झाली. ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे पंख्याचे विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबे घेत १० जून रोजी लंडनला पोहोचले. १९६० मध्ये कंपनीच्या ताफ्यात बोईंग ७०७ ही जेट विमाने आल्यावर प्रवासकाल बराच कमी झाला. दोन शहरांमधील अंतर तेच राहिले. विमानांचा वेग व पल्ला वाढल्याने वेळ घटला.