आधी पाणवठे, मग रस्ता

ॲडलेडहून पर्थला मोटारीने जायचं तर अंतर सुमारे २७०० किलोमीटर. त्यातला सेडुना ते नॉर्समन हा १२०० किलोमीटरचा तुकडा नलारबोरच्या माळावरून जातो. या माळाचा विस्तार सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर, सगळा चुनखडीचा, आणि त्यावर एकही नदी वाहत नाही. पाऊस पडला की पाणी दगडाच्या भेगांतून खाली उतरतं आणि भुयारांत नाहीसं होतं. ऑस्ट्रेलियात राहणारी किंवा मुलांकडे दोन-तीन महिन्यांसाठी गेलेली मराठी मंडळी आता कॅरॅव्हॅन घेऊन या वाटेला लागण्याचे बेत करू लागली आहेत. बेताची सुरुवात बहुतेक घरांत एका भागाकाराने होते: २७०० भागिले रोजचे सहाशे, म्हणजे पाच दिवसांत पर्थ.

हा हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडलेला आहे, असं मला वाटतं. या वाटेने पूर्वी जे कोणी पार झाले, त्यांनी आधी पाणी कुठे मिळेल ते शोधलं, तिथे मुक्काम ठरवला आणि मग रोजची चाल ठरली. आजही तीच रीत चांगली. ती का चांगली, हे त्या रस्त्याच्या इतिहासातच दिसतं.

एडवर्ड जॉन आयर हा इंग्रज फेब्रुवारी १८४१ च्या अखेरीस फाउलर्स बे इथून पश्चिमेकडे निघाला. बरोबर जॉन बॅक्स्टर हा सहकारी आणि तीन आदिवासी तरुण होते. घोड्यांना दिवसच्या दिवस पाणी मिळेना. सध्याच्या युक्लाजवळच्या वाळूच्या टेकड्यांत खणलं की पाणी लागतं, हे आयरला तिथल्या लोकांनी दाखवून दिलं. एप्रिलच्या अखेरीस तिघांपैकी दोघांनी बॅक्स्टरला ठार केलं आणि बंदुका व शिधा घेऊन ते पसार झाले. आयरबरोबर राहिला तो वायली. पश्चिमेकडच्या आल्बनी भागातला हा तरुण स्वतःच्या मुलखाकडे चालला होता. पुढे किनाऱ्याजवळ नांगरलेल्या ‘मिसिसिपी’ नावाच्या फ्रेंच व्हेल-शिकारी जहाजाने दोघांना आसरा दिला, आणि ७ जुलैला ते आल्बनीला पोहोचले. महामार्गाला नाव आयरचं मिळालं. वाळूतलं पाणी दाखवणाऱ्यांची नावं कुठे लागली नाहीत, आणि याची खंत वाटल्याशिवाय तो नामफलक वाचता येत नाही.

हा मुलूख मिर्निंग लोकांचा. कूनाल्डा गुहेच्या मऊ भिंतींवर माणसांनी बोटांनी ओढलेल्या रेषा आहेत, त्या वीस हजार वर्षांहून जुन्या मानल्या जातात. आत उतरून हे लोक गारगोटी खणून काढत. गुहा सर्वसामान्यांसाठी बंद आहे आणि ते योग्यच आहे. पण ‘रिकामं माळरान’ असं ज्याला आपण सहज म्हणतो, तिथे किती पिढ्या राहून गेल्या हे माहीत असावं.

आयरनंतर या कोरड्या मुलखात माल वाहिला तो उंटांनी, आणि इथे आपला धागा जुळतो. १८६० साली ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर पार करायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी उंट आणि उंटवाले जहाजाने मेलबर्नला आले ते कराचीहून. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८६६ मध्ये टॉमस एल्डर या व्यापाऱ्याने कराचीहूनच शंभरावर उंट पोर्ट ऑगस्टाला उतरवले. या उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटलं गेलं, तरी त्यांत बलुची, पठाण, पंजाबी, सिंधी असे सगळे होते. पोर्ट ऑगस्टा आपल्याही वाटेवर लागतं. तिथून पश्चिमेला जाणारी रेल्वे १९१२ ते १९१७ या काळात बांधली, त्या कामावरही उंट राबले. त्या रेल्वेचा नलारबोरवरचा ४७८ किलोमीटरचा तुकडा एकाही वळणाशिवाय जातो. मोटारी आल्यावर उंट सोडून दिले गेले, आणि रस्त्यालगत पिवळ्या पाटीवर कांगारू व वॉम्बॅटच्या जोडीला जो उंट दिसतो, तो या सोडून दिलेल्यांच्या वंशजांपासून सावध करणारा आहे.

रस्ता म्हणावा असा रस्ता झाला तो दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२ मध्ये, सैन्याच्या गरजेपोटी. तोही कच्चा. पश्चिमेकडचा भाग १९६९ पर्यंत डांबरी झाला, दक्षिण ऑस्ट्रेलियाकडचा शेवटचा तुकडा १९७६ साली. म्हणजे आपण ज्या गुळगुळीत रस्त्यावर शंभराच्या वेगाने जातो, त्याला जेमतेम पन्नास वर्षं झाली. कूनाल्डाच्या जुन्या वस्तीजवळ, पूर्वीच्या रस्त्याच्या कडेला, मोडून पडलेल्या मोटारींचे सांगाडे अजून आहेत.

आता नियोजनाकडे येऊ. सेडुनाहून पश्चिमेला थांबे असे: पेनॉन्ग ७३ किलोमीटर, तिथून नंड्रू ७८, नलारबोर रोडहाऊस १४५, राज्याच्या सीमेवरचं बॉर्डर व्हिलेज सुमारे १८५, युक्ला १२, मुंड्राबिला ६६, मड्युरा ११६, कॉकलबिडी ९१, कायगुना ६५, बॅलाडोनिया १८२ आणि नॉर्समन १९१. बहुतेक ठिकाणी एक पेट्रोलपंप, खाणावळ, काही खोल्या आणि कॅरॅव्हॅन लावायची जागा, एवढंच गाव. हे आकडे कागदावर उतरवून समोर ठेवा. रोज तीनशे, फार तर साडेतीनशे किलोमीटर, असे मुक्काम पाडा. सेडुना ते नॉर्समन यासाठी चार-पाच दिवस आणि पूर्ण प्रवासाला किमान बारा दिवस लागतील. यातला एकही दिवस वाया जात नाही.

कारण थांबण्यासारखं पुष्कळ आहे. जून ते ऑक्टोबरमध्ये हेड ऑफ बाइटच्या कड्यावरून खाली पिलांसह आलेले सदर्न राइट जातीचे व्हेल दिसतात. बुंडाचे कडे माळ अचानक संपवून सरळ समुद्रात उतरतात. युक्लाला १८७७ मध्ये सुरू झालेल्या तारमार्गाचं ठाणं आहे. दोन वसाहतींची मोर्स लिपी वेगळी, म्हणून एका बाजूचा तारवाला आलेला मजकूर कागदावर उतरवून दुसऱ्या बाजूच्या तारवाल्याकडे द्यायचा आणि तो आपल्या लिपीत पुढे पाठवायचा. पुढे सशांनी टेकड्यांवरची झुडपं खाल्ली, मोकळी झालेली वाळू सरकत आली आणि ठाणं गिळलं. दगडी भिंती आज वाळूतून वर डोकावतात. बॅलाडोनियाला १९७९ मध्ये कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाचे अवशेष मांडले आहेत. महाराष्ट्रातही त्या वर्षी स्कायलॅब आपल्यावर पडणार म्हणून केवढी घबराट होती, हे त्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल.

पाण्याचा नियम कडक पाळायचा. माळावरच्या रोडहाऊसांना पाणी मोठ्या कष्टाने मिळतं, तेव्हा कॅरॅव्हॅनची टाकी भरून मागणं गैर आहे. सेडुनाला टाक्या भरून घ्या आणि पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा: माणशी रोजचे चार-पाच लिटर, आणि त्यावर गाडी बंद पडलीच तर दोन दिवस पुरेल एवढं जास्तीचं.

पण पाणी भरलं की वजन वाढतं, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत दुर्लक्षित बाब हीच. कॅरॅव्हॅनच्या पाटीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्यावरचं कमाल वजन असे दोन आकडे असतात. दोहोंतला फरक एवढाच तुमचा वाव. कुटुंबाला पुरेल अशा कॅरॅव्हॅनमध्ये तो बहुधा तीनशे ते पाचशे किलो असतो. ऐंशी लिटरच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले १६० गेले. गॅसचे दोन सिलिंडर, छत्रीवजा मांडव, खुर्च्या, अंथरूण-पांघरूण, कपडे, भांडी, आणि वर आपला पोळपाट, कुकर, पाच-पाच किलोंचे तांदूळ-डाळी. मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

ओढणाऱ्या गाडीबद्दल विक्रेता ‘साडेतीन टन ओढते’ एवढं सांगतो. गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून किती वजन चालेल, याचीही मर्यादा असते आणि ती आपण विचारायची असते. समजा ती ६००० किलो आहे आणि मागे पूर्ण ३५०० किलो आहेत. मग गाडीच्या वाट्याला २५०० उरतात. डबल कॅबच्या गाडीचं स्वतःचं वजनच २२०० च्या आसपास असतं. चार माणसं आणि एक शीतपेटी यांतच उरलेला वाव संपतो. शिवाय कॅरॅव्हॅनच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा टो-बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, पडायला हवा. जड सामान मागच्या टोकाला भरलं तर हा भार कमी होतो आणि वेग वाढल्यावर कॅरॅव्हॅन डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नये, स्टिअरिंगशी झगडू नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढावा आणि फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक लावणारं बटण हाताने चालवावं. ते बटण कुठे आहे, हे निघण्याआधी घरातल्या प्रत्येक चालकाला अंधारातही सापडलं पाहिजे. सगळं भरून झाल्यावर, माणसांसकट, एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर जा. थोडे पैसे जातील, पण अंदाज संपेल आणि आकडा हाती येईल.

मागे कॅरॅव्हॅन जोडली की इंधन साधारण दीडपट लागतं, समोरून वारा असला तर त्याहून अधिक. शंभर किलोमीटरला १८ लिटर धरले तर पूर्ण वाटेला ४८६ लिटर होतात, आणि माळावर दर शहरापेक्षा बराच चढा असतो.

सीमेवरची तपासणी आपल्या स्वयंपाकघराला थेट लागू पडते. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना बॉर्डर व्हिलेजला गाडी आणि कॅरॅव्हॅन दोन्ही आतून तपासतात. ताजी फळं, कच्चा भाजीपाला आणि मध पुढे नेता येत नाही. म्हणजे कांदे, बटाटे, लिंबं, कोथिंबीर, आणि डब्यात जपून आणलेला कढीपत्ताही. आदल्या मुक्कामाला भाजी करून, उसळ शिजवून संपवून टाकावी आणि पुढच्या दिवसांसाठी पिठं, डाळी, तांदूळ यांवर भिस्त ठेवावी. पूर्वेकडे येणाऱ्यांची अशीच तपासणी सेडुनाला होते. शेतीला लागणारी कीड रोखण्यासाठी हे सारं आहे. फळमाशीने बागा कशा बसतात हे आपल्या आंबा-पेरूवाल्यांना सांगायला नको.

हंगामाबाबत आपल्या दोन सुट्ट्यांचा विचार करतो. मे महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कोरडा हंगाम सुरू होतो, त्यामुळे त्या सुट्टीत डार्विनकडे जावं. दिवाळीत उत्तरेला उकाडा आणि पुढे पावसाळा असतो. तेव्हा दक्षिणेचा हा रस्ता बरा. दिवाळी ऑक्टोबरात आली तर शेवटचे व्हेलही दिसू शकतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र माळावर पारा ४५ च्या वर जातो, त्या दिवसांत लहान मुलांना घेऊन निघू नये.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, ही सोय आहे. अंगवळणी पाडायचं ते वेगळंच. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून ऊन वर आल्यावर निघावं आणि मावळतीच्या तासभर आधी मुक्कामाला पोहोचावं. भाड्याच्या बऱ्याच करारांत अंधारात चालवलं तर विमा लागू होत नाही, ते कलम वाचून घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅरॅव्हॅन ओढताना कमाल वेग ताशी १०० किलोमीटर. साडेछत्तीस मीटर लांबीच्या, एकामागे एक ट्रेलर ओढणाऱ्या रोडट्रेन या रस्त्यावर धावतात. ती मागून आली तर आपण सरळ रेषेत, एका वेगाने राहावं. तिचे चालक यूएचएफ रेडिओवर ४० क्रमांकाच्या वाहिनीवर असतात, कॅरॅव्हॅनवाले बहुधा १८ वर. हा रेडिओ जरूर घ्या, कारण मोबाइलला लांबच लांब टापूत रेंज नसते. कायगुना ते बॅलाडोनिया यांच्यामध्ये १४६.६ किलोमीटर सलग सरळ रस्ता आहे. तिथे डोळे उघडे असूनही लक्ष विझतं, म्हणून तासाभराने चालक बदलावा. काही ठिकाणी रस्त्यावरच रुंद पांढरे पट्टे आखलेले दिसतील. ती फ्लाइंग डॉक्टर सेवेची धावपट्टी. १९२८ मध्ये जॉन फ्लिनच्या प्रयत्नांतून सुरू झालेल्या या सेवेचं विमान गरज पडली तर महामार्गावर उतरतं. आपण नेहमीची औषधं आणि त्यांच्या चिठ्ठ्या दुप्पट घेऊन निघावं.

घड्याळाचंही एक आहे. बॉर्डर व्हिलेजपासून कायगुनापर्यंत पर्थपेक्षा पाऊण तास पुढची स्थानिक वेळ पाळतात. खाणावळ किती वाजता बंद होते ते फोनवर विचाराल तेव्हा कुठल्या वेळेने, हेही विचारा.

नॉर्समनला पोहोचल्यावर बहुतेक जण पर्थच्या ओढीने सुसाट निघतात. तिथेही घाई करू नये. उत्तरेला कूलगार्डी, आणि तिथून पर्थकडे जाणाऱ्या रस्त्याच्या सोबतीने सव्वापाचशेहून अधिक किलोमीटर एक जाड नळ जातो. सोन्याच्या खाणींवर माणसं तहानेने आणि विषमज्वराने मरत होती, तेव्हा सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने पर्थजवळच्या मंडेरिंग धरणाचं पाणी आठ पंपांच्या जोरावर कॅलगुर्लीपर्यंत चढवायची योजना आखली. वर्तमानपत्रांनी त्याच्यावर इतकी चिखलफेक केली की मार्च १९०२ मध्ये त्याने आत्महत्या केली. २४ जानेवारी १९०३ रोजी पाणी कॅलगुर्लीला पोहोचलं. वाटेतल्या गावांना आणि शेतांना आजही याच योजनेचं पाणी मिळतं. जुन्या पंपघरांना जोडणारा वारसामार्ग कूलगार्डीकडून मंडेरिंगपर्यंत आहे. त्यासाठी शेवटचे दोन दिवस वेगळे काढून ठेवा, आणि हे दोन दिवस बेत आखताना सगळ्यांत आधी कॅलेंडरवर लिहा.