विठ्ठलाला फैलावर घेणारी माणसं

संकटात देवापुढे मन उघडं करणाऱ्या मराठी कवितेचा आढावा नामदेवांपासून सुरू करायची रीत आहे. ती पाळतो, पण तिथे रेंगाळत नाही. नामदेवांचा रुसवा घरच्या लेकराचा. जवळ घेतलं की विरणारा. समर्थांची करुणाष्टकं बहुतेकांना पाठच आहेत. मोरोपंतांची ‘केकावली’ थोर खरीच, पण गांजलेल्या माणसाला पृथ्वी वृत्त इतकं बिनचूक कसं सुचतं, हे कोडं मला काही सुटलेलं नाही.

माझा जीव अडकलाय तो चोखोबांच्या घरात. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. सगळं घर अभंग रचणारं. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून चोखोबा १३३८ मध्ये गेले. पंढरपुरात समाधी मिळाली तीही देवळाबाहेर, नामदेव पायरीपाशी. चोखोबा स्वतः कधी कधी पूर्वकर्माचा हवाला देतात आणि देवाला सोडून देतात. पोरगा सोडत नाही. आमचा जन्म उष्ट्यावर गेला, याची लाज तुला कशी वाटत नाही, असं तो विठ्ठलाला तोंडावर विचारतो. सोयराबाई विचारते, विटाळावाचून जन्मलेला देह आहे तरी कुठे? यात रडणं थोडं, उलटतपासणीच जास्त.

आमच्यातले काही जाणकार या सगळ्याला ‘भक्तीतलं लटकं भांडण’ म्हणतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. लटकं? ज्याला जातीपायी विठ्ठलाच्या देवळाचा उंबरा ओलांडायची बंदी, त्याचं भांडण लटकं कसं? तो उंबरा खुला व्हावा म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. मधली सहाशे वर्षं हे जाणकार कोणत्या खात्यावर टाकतात, कोण जाणे.

जनाबाईचंही तेच. विठ्ठलाला ती चक्क शिव्या घालते, त्याच्या बायकोच्या कुंकवापर्यंत जाते. आणि आमच्या पाठ्यपुस्तकी जनाबाईच्या वाट्याला जातं आणि शेणी तेवढ्या आल्या.

तुकोबांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून एवढंच. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. पुढे देव आपल्या लेखी उरला नाही, असं म्हणण्यापर्यंत हा माणूस गेला, आणि ते त्यानं लपवलं नाही. शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली सरकारी मदतीनं १८७३ पर्यंत सिद्ध झालेल्या गाथेत हे अभंग आहेत. निवडक तुकाराम काढणाऱ्यांच्या चाळणीतून मात्र ते हटकून गळतात.

आषाढीच्या कार्यक्रमांत तर आता विठ्ठल सदा हसराच. पूर्वीचे काही बुवा कीर्तनात जनाबाईच्या शिव्या खणखणीत म्हणत, आणि बायका पदराआड हसता हसता डोळे पुसत. मागे एका आयोजकांना मी कर्ममेळ्याचा अभंग सुचवला. चाल तयार होती, गायकही राजी होता. ते म्हणाले, “सर, प्रायोजकांना जरा प्रसन्न काहीतरी हवंय.”